‘पाट्या टाकणे’ की आणखी काही?

प्रश्न : ठरलेल्या वेळेत नेमून दिलेलं काम करायचं, त्यापलीकडे थांबायचं नाही, या तरुणांच्या पवित्र्याला २०२२ पासून ‘क्वाएट क्विटिंग’ हे नाव रूढ झालं. मराठीत त्यासाठी सर्रास ‘पाट्या टाकणे’ लिहिलेलं दिसतं. ते योग्य आहे का? मनुष्यबळ विभागाच्या माहितीपत्रकासाठी शब्द हवा आहे.

उत्तर : कृपया नको. यातली पाटी म्हणजे टोपली. मातीची पाटी उचलायची, नेऊन ओतायची, की मोजणीत एक वाढली. ती किती भरली होती हे कोण बघतंय! काम झाल्याचं दिसतं, पण त्यात जीव नसतो, असा ठपका या शब्दात आहे. तुम्ही म्हणता त्या मुलांचं काम चोख असतं. माहितीपत्रकात हा शब्द छापलात, तर वाचणाऱ्याला तो अपमान वाटेल आणि ते रास्तच असेल.

उत्तर : महिनाअखेरच्या अहवालावरून फरक बघा. ‘उद्या देतो, परवा देतो’ ही चालढकल. मागच्याच महिन्याची फाइल उघडून वरची तारीख बदलली, बेरीज ताडून न बघता पाठवून दिली, या पाट्या टाकल्या. चौघांत वाटणी होताना हलका भाग स्वतःकडे ओढला, तर तो अंगचोर. आणि बेरीज दोनदा ताडून सहाच्या आत अहवाल पाठवला, सातला आलेला फोन मात्र उचलला नाही, तर वरचा एकही शब्द लागू होत नाही. मूल्यमापनाच्या फॉर्मवर या चारही प्रकारच्या लोकांना सरसकट ‘कामचुकार’ लिहिलं जातं, तिथेच गफलत होते.

उत्तर : ‘वेठ वारणे’ हा जुना प्रयोग पाट्या टाकण्याच्या जवळचा. संस्कृत ‘विष्टि’वरून ‘वेठ’ आली, म्हणजे बिनमोबदल्याची सक्तीची मजुरी. मोबदलाच नाही म्हटल्यावर काम कसंबसं उरकलं जाणारच. म्हणजे दोष लावणाऱ्या या शब्दात त्या दोषाचं कारणही बसलेलं आहे, आणि आजच्या चर्चेत नेमकं तेच निसटतं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे, जादा तासांना दुप्पट दर आहे. तो दर न देता रोज दोन तास बसवून घेतलं, तर वेठीचा शब्द कोणाला लावायचा?

प्रश्न : मग ‘पगारापुरतं काम’ चालेल? बोलण्यात सहज येतं.

उत्तर : बोलण्यात चालेल, छापताना जपून. ‘-पुरता’ तसा निरुपद्रवी प्रत्यय. ‘पोटापुरतं’मध्ये समाधान आहे. पण कामाच्या संदर्भात ‘कामापुरता मामा’ लगेच आठवतो आणि स्वार्थाची छटा चिकटते. माझी पसंती ‘नेमून दिलेलं, तेवढंच’ अशा साध्या वर्णनाला. नाम हवंच असेल तर ‘ठरल्याइतकं काम’. ‘ठरणे’ म्हटलं की दोन पक्ष आले, करार आला, आणि कंपनीनेही काही कबूल केलं होतं हे वाचणाऱ्याच्या लक्षात राहतं.

प्रश्नकर्ता : ‘ठरल्याइतकं काम’ घेते. फॉर्मवरचा ‘कामचुकार’ काढून तिथे ‘मुदत पाळली का’ आणि ‘चुका किती’ असे दोन वेगळे रकाने सुचवणार आहे.