१५० खुर्च्यांचं सभागृह, जॅझ क्वार्टेट: ड्रमला माइक लावायचे का?

मंगळवारपेठकर (प्रश्न):
ऐन जुलैमध्ये बाहेरचं जॅझ क्वार्टेट कोल्हापुरात वाजवणार आहे. टेनर सॅक्सोफोन, पियानो, डबल बेस, ड्रम. रंगमंच २४ बाय १६ फूट, भिंती नुसत्या गिलाव्याच्या. साउंडवाले गणपती-नवरात्रातले, ड्रमला सात माइक आणि १८ इंची दोन सब (फक्त खालच्या सुरांचे मोठे स्पीकर) आणतो म्हणतात. सभागृहात जुना उभा पियानो आहे, तो चालेल? बेसवादकाचा ॲम्प अमेरिकेतला आहे.

खर्ज:
सब गोदामातच राहू देत. एवढ्या जागेत ड्रम माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. त्याचा आवाज हेच माप धरा आणि बाकीची वाद्यं तेवढ्यावर आणा, उलटं नको.

खरी अडचण भिंतींची आहे. झांजेची आस विरण्याआधीच पुढचा ठोका पडतो आणि पियानो गढूळ होतो. ड्रमच्या मागे जाड मखमली पडदा लावा, कापड रुंदीच्या दुप्पट, चुण्या पडू देत, भिंतीपासून अर्धा फूट पुढे. भिंतीला चिकटवला तर फक्त वरचे सूर शोषतो. ड्रमखाली ६ बाय ६ फुटी, न सरकणारा गालिचा हवाच, नाहीतर पायाचा ड्रम दर ठोक्याला पुढे सरकतो. रिकाम्या सभागृहात घुमतंय म्हणून घाबरून मिक्सरवर सगळं कापू नका, माणसं बसली की बरंच कमी होतं.

डबल बेसच्या पिझो पिकअपला (वाद्याचं कंपन टिपणारा तुकडा) किमान १ मेगाओम इनपुटचा डीआय (वाद्य मिक्सरला जोडणारी छोटी पेटी) द्या. साध्या डीआयवर खर्ज गायब होतो, उरते ती चरचर. ॲम्प पोकळ फळ्यांवर ठेवू नका, स्टँडवर ठेवा. एखादाच सूर घुमत असेल तर आधी पोलॅरिटीचं (सिग्नल उलटा करणारं) बटण फिरवून बघा, मग इक्वलायझरवर तेवढ्याच सुराची अरुंद पट्टी कापा.

सॅक्सोफोनला एक माइक पुरे, फूटभर अंतरावर, चाव्या आणि कर्ण्याच्या मधोमध रोखलेला. थेट कर्ण्यात धरला तर खालचे सूर अंगावर येतात, कारण बहुतेक सुरांचा आवाज उघड्या छिद्रांतूनही निघतो.

सुरावट:
पियानोचं आधी मध्य ‘ए’ मोजा. ४४० हर्ट्झ हवं. जुने पियानो ४३२ च्या आसपास उतरलेले सापडतात, म्हणजे जवळजवळ ३२ सेंट खाली (१०० सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर). सॅक्सोफोनवाला मुखनळी बाहेर ओढून थोडं खाली येईल, पण नळी लांबवल्याचा परिणाम आखूड नळीवर वाजणाऱ्या सुरांवर जास्त होतो आणि सप्तकच वाकडं होतं. एका बैठकीत पियानो एवढा चढवलात तर जुन्या तारा तुटतात, आणि नाही तुटल्या तरी सूर टिकत नाही. दोन-तीन आठवडे आधी चढवून घ्या, बारीक जुळवणी प्रयोगाच्या दिवशी. पावसात साउंडबोर्ड (तारांमागची लाकडी फळी) फुगतो आणि मधले सूर चढतात. त्यामुळे एसी प्रयोगात जसा असेल तसाच आदल्या दिवसापासून ठेवा. एवढं जमणार नसेल तर सरळ ८८ पट्ट्यांचा, वजनदार चाव्यांचा डिजिटल पियानो भाड्यानं घ्या. सस्टेन पेडल जोडून मगच स्विच चालू करा, नाहीतर काही मॉडेलांत पेडल उलटं चालतं.

फेज-न्यूट्रल:
ॲम्पच्या मागची पाटी वाचा. १००–२४० व्होल्ट लिहिलं असेल तर नुसता प्लग बदला. फक्त १२० असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर, तोही ॲम्पच्या वॅटेजच्या दीडपट. लाइटचे डिमर आणि साउंड वेगवेगळ्या फेजवर घ्या, एकत्र असले की लाइट मंद केला की गुणगुण सुरू. ती घालवायला अर्थिंगची पिन कोणी काढू पाहील, त्याला हात लावू देऊ नका.

मंगळवारपेठकर:
आणि बसवायचं कसं? प्रत्येकाला मॉनिटर (वादकाकडे तोंड केलेला स्पीकर) लागेल?

खर्ज:
पियानो प्रेक्षकांच्या डावीकडे, ड्रम उजवीकडे पियानोकडे तोंड करून, बेस दोघांच्या मध्ये, राइड झांजेजवळ (ड्रमरच्या उजव्या हाताची, सतत वाजणारी). ताल तिथूनच धरतात. सॅक्सोफोन पुढे. सगळे एकमेकांपासून चार-साडेचार फुटांत बसले तर मॉनिटर एकच, पियानोवाल्याला. दूर बसवलंत की प्रत्येक जण मॉनिटर मागणार आणि मग स्पीकरमधून शिट्ट्या.

प्रत्येक सोलोनंतर मधेच टाळी वाजते, हे निवेदकाला सांगून ठेवा. ख्यालगायक अल्लादियाखाँसाहेबांच्या गावात मधेच दाद देणं वेगळं शिकवायला नको म्हणा. पण कौतुकाच्या भरात निवेदकानं तिथंच माइक हातात घेऊ नये, गाणं अजून संपलेलं नसतं.