विरजणाले 'उत्प्रेरक' म्हणता येते का?

पऱ्हाटीवाला: पोट्टी दहावीत हाय. घटक चाचणीत 'रोजच्या जगण्यातला उत्प्रेरक सांगा' असं आलं, तिनं 'विरजण' लिहिलं अन् बाईनं काट मारली. मले त बरोबरच वाटते बाप्पा, चमचाभर इरजण टाकलं की गंजभर दुधाचं दही लागते, मंग उत्प्रेरक म्हणजे दुसरं काय?

जुना मास्तर: बाईचंच बरोबर हाय भाऊ. उत्प्रेरक अभिक्रियेचा दर वाढवते पण शेवटी जेवढा टाकला तेवढाच उरते. हायड्रोजन पेरॉक्साईडमध्ये 1 ग्रॅम मॅंगनीज डायऑक्साईड टाका, ऑक्सिजनचे बुडबुडे निघून गेल्यावर गाळून वाळवून तोला, 1 ग्रॅमच भरते. इरजण तसं कुठं हाय? ते जिवंत जंतू, दुधातली साखर खातात अन् वाढतात, म्हणून त उद्याचं इरजण आजच्या दह्यातूनच निघते. मे महिन्यात दही दुपारपर्यंत आंबट ढाण अन् डिसेंबरात गंज गोधडीत गुंडाळून ठेवा तरी पातळच, हा तापमानाचा खेळ. पण उकळत्या दुधात इरजण टाकलं त लागतच नाही, जंतूच मरतात.

ढोकळेताई: अर्धा मार्क द्यायला पाहिजे होता खरं तर 😄 त्या जंतूंच्या आतली विकरं म्हणजे एन्झाइम, ते उत्प्रेरकच की. पोरीला सांगा पुढच्या वेळी रक्तातलं कॅटॅलेज नावाचं विकर लिही, जखमेवरचं पेरॉक्साईड बाटलीत महिनोन् महिने गुपचूप बसतं आणि रक्ताला लागलं की फसफसतं, ते त्याच्यामुळेच.

पऱ्हाटीवाला: अन् चुलीतली फुंकणी?

जुना मास्तर: नाही. फुंकून तुम्ही ऑक्सिजन वाढवता अन् तो जळणात खर्च होते, म्हणजे तो अभिक्रियाकारक झाला. पऱ्हाटी भुर्रकन पेटते अन् बाभळीचा ओंडका नुसता धुपत राहते, ते त आणखीनच वेगळं, हवेले लागणारा पृष्ठभाग जास्त. पुस्तकात शहाबादी फरशीचे तुकडे अन् चुरा आम्लात टाकतात ना, चुरा लवकर विरघळते, तेच हे.

शब्दवेडा: मला हा शब्दच थोडा फसवा वाटतो. बर्झेलियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने 1835 मध्ये 'कॅटॅलिसिस' हा जो शब्द काढला त्याच्या ग्रीक मुळात सोडवणं, मोकळं करणं आहे, आपल्या 'उत्प्रेरक'मधून मात्र कोणीतरी मागून ढकलतंय असं वाटतं. ढकलत नाही हो तो, घाट चढायच्या ऐवजी कमी चढाची वाट दाखवतो, सक्रियण ऊर्जा, म्हणजे अभिक्रिया सुरू व्हायला लागणारी ऊर्जा, कमी लागते एवढंच. पेपरवाले तर कोणत्याही पुढाऱ्याला 'विकासाचा उत्प्रेरक' करून टाकतात, आणि तो काही जसाच्या तसा उरत नाही 😀

पऱ्हाटीवाला: 😂 पण 'दर' काऊन म्हणतात? वेग म्हणाव ना सरळ.

ढोकळेताई: भौतिकशास्त्रात वेगाला दिशा लागते म्हणून असेल. इथे फक्त किती वेळात किती पदार्थ संपला किंवा तयार झाला एवढंच मोजायचं, म्हणून दर बरा.

पऱ्हाटीवाला: ठीक हाय. मले त दर म्हटलं की कापसाचाच आठवते, अन् तो कोणताही उत्प्रेरक टाका, हालत नाही.