पाढे कसे पाठ केलेत, मुलांचे कसे करून घेताय? अनुभव लिहा

मुलगी तिसरीत आहे, बे ते दहा सुरात झाले, पण तेराच्या पुढे गाडी अडतेय. आमच्याकडे लहानपणी दिवेलागणीला शुभंकरोती झालं की परवचा असायचा, तीसपर्यंत पाढे म्हटल्याशिवाय पान वाढलं जायचं नाही. आता संध्याकाळी सातला मीच ऑफिसातून येते, तर तेवढा वेळ कुठून काढायचा? तुम्ही कसं जमवलंत ते सविस्तर लिहा प्लीज.

---

चाल सोडू नका एवढंच सांगेन. "सतरा साती एकोणिसासे, सतरा आठे छत्तिसासे, सतरा नव्वे त्रेपन्नासे" हे आजही तोंडातून आपोआप येतं, १३६ असं वेगळं आठवावं लागत नाही. माझ्या मुलाला "एकशे छत्तीस" म्हणायला लावलं तर लय तुटायची आणि तो तिथेच अडकायचा, छत्तिसासे म्हणायला लागल्यावर सुटला. आम्ही स्कूटरवर शाळेत जाताना म्हणतो, एक ओळ त्याची एक माझी, वेगळा वेळ काढावाच लागत नाही.

---

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पाठांतर हवंच, पण आधी मुलांनी पाढा स्वतः तयार करावा असं मला मनापासून वाटतं. फळ्यावर दहाचा पाढा लिहायचा, शेजारी सातचा, आणि ओळीओळीने बेरीज करायची, १० आणि ७ सतरा, २० आणि १४ चौतीस, ३० आणि २१ एक्कावन्न, की सतराचा पाढा समोर उभा राहतो. मग मधलंच काही विसरलं तरी मूल रडत नाही, सतरा सक म्हणजे ६० आणि ४२, एकशे दोन, जमवतं बरोबर. एकोणीसचा तर मुलांना फारच आवडतो. १९, ३८, ५७, ७६, ९५... एककाचा अंक नऊपासून एकेकाने उतरत जातो आणि त्याच्या डावीकडे १, ३, ५, ७, ९ अशा विषम संख्या चढत जातात, ११४ मध्ये ११, १३३ मध्ये १३, पार १९० पर्यंत. हे मी सांगत नाही, पाढा उभा लिहून गप्प बसते, कोणीतरी पोरगं "बाई, बघा बघा" करत उठतंच.

---

आमचं कापडाचं दुकान होतं, त्यामुळे आजोबांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी सगळं करून घेतलं. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, आता बऱ्याच जणांना शब्दही माहीत नसतो. ४८ रुपये मीटरचं अडीच मीटर कापड फाडलं की कात्री खाली ठेवायच्या आत १२० तोंडात तयार. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, आणे गेले, हळूहळू शेर-मणही गेले तसं हे पाढेही शाळेतून गेले. मला वाईट वाटतं त्याचं, कारण पाव, पाऊण, सव्वा काही गेलेलं नाही ना, भाजीवाल्याकडे आपण अजूनही पाऊण किलोच मागतो. अपूर्णांक शिकवायच्या आधी सवायकी-दिडकी म्हणवून घेतली तर मुलांना पुढे फार सोपं जाईल.

---

आम्ही इंग्लंडमध्ये असतो. इथे चौथ्या इयत्तेत सरकारी टेस्ट असते, १२ गुणिले १२ पर्यंतच, २५ प्रश्न, कॉम्प्युटरवर, एकेका प्रश्नाला सहा सेकंद. मुलगा शाळेत इंग्रजीतून शिकतो पण घरी आजी व्हिडिओ कॉलवर मराठीतून म्हणवून घेते, आणि मराठी ओळी इतक्या आटोपशीर आहेत की "बारा नव्वे" म्हणेपर्यंत उत्तर आलेलं असतं. दोन भाषांचा गोंधळ होईल असं शेजारणीने सांगितलेलं, आमच्याकडे तरी झाला नाही.

---

एक राहिलं, उलटंही विचारत जा. "५१ कुठल्या पाढ्यात येतं? ९१?" बरीच मुलं ठोकून सांगतात की कुठल्याच नाही, मूळ संख्या आहे. मग तीनचा, सतराचा, सातचा, तेराचा शोधायला लावायचं. स्कॉलरशिपला आणि लसावि-मसाविला खरा उपयोग याचाच होतो, नुसतं सरळ घडाघडा म्हणणारी मुलं तिथे थांबतात.