आफ्रिकेतल्या तंबूतली रात्र : तुमचे अनुभव

बोत्सवाना, नामिबिया, दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे... हल्ली आपल्याकडचे बरेच ग्रुप तिकडे जातात. दिवसा जीपमधून काय दिसलं त्याचे फोटो सगळेच दाखवतात. मला रात्रीबद्दल ऐकायचंय. तंबूत झोपलात आणि बाहेर जंगल होतं, तेव्हा काय झालं? जे जाऊन आलेत त्यांनी मनापासून लिहा. सुरुवात मी करते.

आम्ही अकरा जण जुलैत बोत्सवानातल्या मोरेमी अभयारण्यात, थर्ड ब्रिजच्या कॅम्पवर होतो. तिथे कुंपण नाही. हे निघण्याआधीच माहीत होतं, तरी पहिली रात्र पडताना पोटात गोळा आलाच. हे अभयारण्य ओकावांगो नदीच्या त्रिभुज प्रदेशात आहे. तिथे येणारं पाणी अंगोलातल्या डोंगरांवरच्या पावसाचं. ते महिनोन्महिने सरकत येतं आणि इथे पोहोचतं ऐन कोरड्या हिवाळ्यात. गवत पिवळंधमक आणि पाणी मात्र तुडुंब, त्यामुळे जनावरं सगळी पाण्याच्या आसपास. आम्हीही तिथेच. गाइडने बजावलं होतं, रात्री उठावंच लागलं तर आधी चेन थोडी उघडून बॅटरी सगळीकडे फिरवा. डोळे चमकले की पुन्हा आत.

दोनच्या सुमारास जाग आली ती कर्र कर्र आवाजाने. गोठ्यात बैल कडबा ओढतो ना, अगदी तसा. लहानपणी आजोळी हाच आवाज ऐकत झोपायचे, त्यामुळे अर्धवट झोपेत मला भीती वाटलीच नाही, उलट बरं वाटलं. मग नवऱ्याने माझा दंड घट्ट धरला आणि कानात म्हणाला, "पाणघोडा." तो गवत उपटायचा, चावायचा, मध्येच फुस्सकन श्वास सोडायचा. आमच्यात नि त्याच्यात फक्त कापड. तासभर चरला असेल. सकाळी तंबूच्या दोरीपासून वीतभर अंतरावर चार बोटांचा ठसा होता. सासूबाई त्याच्याजवळ उकिडव्या बसून बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या.

*

आम्ही दोघं निवृत्त झाल्यावर नामिबियात इटोशा राष्ट्रीय उद्यानात गेलो. ओकाउकुएयोच्या कॅम्पला कुंपण आहे, आणि कुंपणालगतच पाणवठा. रात्रभर त्यावर मंद दिवे असतात आणि अलीकडे दगडी भिंतीजवळ बाक. सूर्य बुडताच पखुर्ड्यांचे थवेच्या थवे पाण्यावर उतरले. मग बराच वेळ काहीच नाही. थंडी मात्र मरणाची. आफ्रिका म्हणजे ऊन असं समजून जूनमध्ये जाऊ नका, स्वेटर, कानटोपी आणि जाड पांघरूण न्याच. साडेअकराला काळ्या गेंड्याची मादी आली, मागे पिल्लू. पाण्यात दोघांचं उलटं प्रतिबिंब. बाकांवर चाळीसेक माणसं असतील, पण पाणी पिण्याचा आवाज आम्हाला स्पष्ट ऐकू येत होता. सौ. तंबूत परत यायलाच तयार नव्हती.

*

लहान मुलं बरोबर असतील तर माझं स्पष्ट मत : आधी दक्षिण आफ्रिकेतलं क्रुगर राष्ट्रीय उद्यान. कॅम्पला कुंपण असतं, आणि जूनमध्ये संध्याकाळी साडेपाचला फाटक बंद होतं म्हणजे होतं. आम्ही सतारा कॅम्पला राहिलो. रात्री तरस तारेपलीकडून फेऱ्या मारत होतं. माझी सात वर्षांची लेक आणि ते, दोघं एकमेकांकडे बघत उभे. तिने तारेला हात लावला नाही, आधीच सांगून ठेवलं होतं. एक विनंती, तिथे कोणीही काहीही खायला टाकू नका. माणसाच्या हातचं खायची चटक लागलेलं जनावर शेवटी मारलं जातं.

*

नागपूरहून लिहितोय. झिंबाब्वेतल्या माना पूल्स राष्ट्रीय उद्यानात संत्री, लिंबं न्यायला सक्त मनाई आहे. हत्तींना त्यांचा वास लांबून लागतो आणि ते गाडी-तंबू काही बघत नाहीत. आमच्याकडे हरारेत घेतलेली पिशवीभर संत्री होती. फेकवेनात. मग फाटकाबाहेरच बसून नऊ जणांनी सगळी संपवली, हात साबणाने दोनदा धुतले.

आमचे तंबू झांबेझी नदीच्या काठी, अ‍ॅना नावाच्या झाडांखाली. त्यांच्या पिळवटलेल्या केशरी शेंगा हत्तींच्या फार आवडीच्या. पहाटे एक सुळेवाला नर आला आणि दोन तंबूंच्या मधून गेला. एवढं मोठं जनावर, पण पावलाचा आवाज नाही. ऐकू आलं ते फक्त सोंडेने शेंगा गोळा करणं आणि दाढेखाली त्या कुडुम कुडुम फुटणं. माझ्या तंबूची एकही दोरी त्याने दुखावली नाही.