‘लागणे’, ‘करपणे’ आणि ‘जळणे’ यांतील अर्थभेद

प्रश्न
गेल्या आठवड्यात मी गव्हल्यांची खीर मंद आचेवर ठेवून दाराशी आलेल्या शेजारीणबाईंशी बोलत उभी राहिले आणि परत येईपर्यंत स्वयंपाकघरात वास सुटला होता. ‘खीर जळली’ असे मी म्हणाले. सासूबाईंनी पळीने वरची खीर हलकेच दुसऱ्या पातेल्यात काढली, चाखून पाहिली आणि ‘जळली नाही गं, नुसती खाली लागली आहे’ असे सांगितले. ती खीर आम्ही जेवताना खाल्लीही. तोवर मला हे शब्द एकाच अर्थाचे वाटत होते. ‘करपणे’ या शब्दाचे स्थान यात कोठे आहे, हेही समजून घ्यायचे आहे.

प्रतिसाद
आपल्या सासूबाईंचा शब्द अचूक आहे आणि तो टिकावा असे मला मनापासून वाटते. हल्ली तिन्ही अवस्थांना सरसकट ‘जळले’ म्हटले जाते आणि मग वाचवता आला असता असा पदार्थही टाकून दिला जातो.

‘लागणे’ या क्रियापदाच्या मुळाशी स्पर्श होणे, चिकटणे हा अर्थ आहे. दुधातली प्रथिने तापल्यावर धातूला धरतात. पदार्थ दाट असेल तर तळाचा थर वर येत नाही, जागीच बसून राहतो, आणि त्या थरातले पाणी निघून गेले की तेवढ्याच जागेचे तापमान १०० अंशांच्या पुढे चढू लागते. वरच्या भागात पाणी असल्यामुळे तो मात्र उकळीच्या आसपासच राहतो. म्हणून लागलेल्या खिरीत वरचा भाग शाबूत असतो. तो न ढवळता काढून घ्यावा लागतो. घाबरून डाव फिरवला की तळाचा वास सगळ्या खिरीला लागतो. (‘वास लागणे’ यातही तेच क्रियापद आहे, हे लक्षात घ्यावे.) या अर्थाने ‘लागणे’ वापरताना ‘खाली’ किंवा ‘बुडाला’ हा शब्द बहुधा सोबत येतो, कारण नुसते ‘दूध लागले’ म्हटले तर दुधाची गरज पडली असाही अर्थ होतो. दूध तापवण्यापूर्वी पातेले पाण्याने विसळून ते ओलेच ठेवण्याची जी घरोघरची रीत आहे, ती दूध खाली लागू नये म्हणूनच.

‘करपणे’ ही पुढची पायरी आहे. पदार्थ काळपट होतो, त्याला कडवटपणा येतो, पण तो ओळखता येण्याइतका शिल्लक असतो. तव्यावरची पोळी करपते, फोडणीतला लसूण करपतो, आणि पाणी आटून गेलेला भात आधी लागतो व मग करपतो. हा शब्द स्वयंपाकघराबाहेरही तितकाच जिवंत आहे. उन्हाच्या तडाख्याने रोपे करपतात आणि भातावर किंवा कांद्यावर पडणाऱ्या रोगाला शेतकरी ‘करपा’ म्हणतात. अपचनाच्या ढेकरेला आपण ‘करपट’ म्हणतो, तेही त्या चवीवरून आणि वासावरून. ‘जळणे’ हा शब्द मात्र शेवटासाठी राखून ठेवावा, म्हणजे जिथे कोळसाच उरला आणि पातेले घासायला घेण्यावाचून इलाज नाही, तिथे तो वापरावा. फोडणी याला अपवाद आहे. मोहरी नुसती काळी पडली तरी अनेक घरांत ‘फोडणी जळली’ असेच म्हणतात आणि त्याला मी चूक म्हणणार नाही, कारण तेवढ्याशा तेलात पहिल्या आणि शेवटच्या पायरीत काही क्षणांचेच अंतर असते.

याच उष्णतेवर कोणाचे लक्ष असेल तर ‘खरपूस’ हा शब्द मिळतो. शिऱ्यासाठी तुपावर भाजलेल्या रव्याचा रंग आणि वास प्रामुख्याने प्रथिने व शर्करा यांच्या ज्या अभिक्रियेतून येतो, तिचे वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिय मायार यांनी १९१२ मध्ये केले. रवा तोच आणि आचही तीच असते. हात थांबला की खरपूस रव्याचा करपलेला रवा होतो.

शंका
दुधाच्या बाबतीत सर्वांत नेहमीचा प्रसंग ‘उतू जाण्याचा’ आहे. तो या मालिकेत कोठे बसतो? शिवाय ही सारी क्रियापदे अकर्मक असल्यामुळे दोष पातेल्याचा असल्यासारखे वाटते, असे माझे मत आहे.

प्रतिसाद
‘उतू जाणे’ या मालिकेत बसत नाही, कारण त्यात पदार्थ बिघडत नाही, तो भांड्याबाहेर जातो. दूध तापताना वर साय धरते, तिच्याखाली वाफ कोंडते आणि फेस एकदम चढतो. त्या चढण्याला ‘ऊत येणे’ म्हणतात आणि कडा ओलांडली की ‘उतू जाणे’. पाण्यावर साय धरत नाही, म्हणून आधण उकळून आटते, पण सहसा असे फुगून उतू जात नाही. चुलीच्या काळी दूध वैलावर, म्हणजे चुलीला जोडलेल्या बाजूच्या लहान चुलीवर ठेवत, तिथे धग बेताची असल्यामुळे ते सावकाश तापे. गॅसच्या मोठ्या आचेवर मात्र पाठ फिरवण्याचीही उसंत मिळत नाही.

कर्त्याविषयीचे आपले निरीक्षण योग्य आहे, पण निष्कर्ष मला पटत नाही. दोष स्वीकारायचा असेल तर ‘माझ्या हातून भात करपला’ ही सरळ रचना आपल्याकडे आहे, आणि ‘भात करपवलास ना!’ हे प्रयोजक रूप दुसऱ्याला बोल लावताना सहज तोंडी येते. उलट उतू जाण्याच्या क्रियेला कर्ता लाभतो तो मंगल प्रसंगी. रथसप्तमीला अंगणात गोवऱ्यांवर दूध ठेवून ते मुद्दाम ‘उतू घालवतात’, आणि नव्या घरात प्रवेश करतानाही अनेकजण तसेच करतात. कहाण्यांतल्या ‘उतू नये, मातू नये’ या वाक्यात तेच क्रियापद माणसाच्या गर्वासाठी आले आहे.

पहिल्या प्रश्नाविषयी एक सांगायचे राहिले. लागणे आणि करपणे यांतली सीमा डोळ्यांनी ठरत नसेल तर ती खरवडीवरून ठरवावी. दूध आटवल्यावर बुडाला धरलेली खरवड उलथन्याने काढून साखर घालून मुले आवडीने खातात. ती तांबूस आणि गोडसर असेल तर दूध नुसते लागले आहे. ती कडू लागली तर करपले आहे. आपल्या खिरीच्या पातेल्याची खरवड कोणी चाखली होती का, ते सासूबाईंना विचारून अवश्य कळवावे.