मदत हवी आहे : सप्टेंबरमध्ये माउंट बेकर, दोघांचीच दोरी

सप्टेंबरच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या माउंट बेकरवर (3,286 मी.) कोलमन-डेमिंग या हिमनदीवरच्या मार्गाने जायचंय. दोघंच आहोत, गाइड नाही. हिमभेगेतून बाहेर काढण्याचा सराव झालाय. सेंटिनेल-2 ची उपग्रहचित्रं पाहिली. हिमरेषा कळते, पण 10 मीटरच्या पिक्सेलमध्ये अरुंद भेगा कुठून दिसणार! जूनमधले जीपीएस ट्रॅक मिळाले, पण तेव्हाचे हिमपूल (भेगांवर साचलेल्या बर्फाचे पूल) अजून टिकले असतील यावर माझा तरी विश्वास नाही. मध्यरात्री निघू. रात्री बर्फ गोठणार नसेल तर बेत रद्द. तारीख थोडी पुढे ढकलता येईल, तिसरा भिडू मात्र मिळणार नाही. उन्हाळ्याच्या शेवटी हा मार्ग कुणी केला असेल तर सांगा : रोमन वॉलवर (शिखराखालचा तीव्र उतार) उघडा कडक बर्फ लागतो की सुटे दगड, आणि दोघांत आइस स्क्रू (बर्फात फिरवून बसवायचे, दोरी अडकवायचे स्क्रू) किती न्यावेत?