तात्याचं वर्षश्राद्ध आलंय, त्याच्याबद्दल लोकांना काय सांगू?

शहापूरची_लेक
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आमच्या तात्याचं वर्षश्राद्ध आहे. तात्या म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, लग्न झालं नव्हतं, आमच्यातच असायचा, ६१ व्या वर्षी गेला. सहा वर्षांचा असताना मेंदूज्वर झाला, आठ दिवस शुद्ध नव्हती म्हणे, उठला तेव्हा उजवा हात लुळा, पाय ओढायचा आणि तोंडात चार-पाच शब्द, ते शेवटपर्यंत तेवढेच राहिले, वर फिट यायच्या त्या वेगळ्याच. शाळेनं परत घेतलं नाही म्हणून आज्जानं त्याला मागापाशी बसवलं.

आता जो भेटतो तो एकच बोलतो, "सुटला बिचारा". परवा मार्केटात एक बाई तसं बोलल्या आणि मला तिथंच रडू आलं. कशातनं सुटला ओ? आमच्या घरी चार पॉवरलूम होते, सगळ्या मागांना कांड्या (धोट्यात घालायच्या सुताच्या नळ्या) भरून द्यायचा तो, डाव्या हातानं. चार माग एकदम खटखटत असताना आपल्याला शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, पण कुठल्या मागाचा आवाज बदललाय, सूत घेऊन इकडनं तिकडं पळणारा धोटा कुठं अडकतोय ते तात्याला बसल्या जागी कळायचं, "आँ" करून हात वर केला की बाबा हातातलं टाकून पळायचे. कधी चुकला नाही.

आणखी एक. तहान लागली तर त्याला "पाणी" म्हणता यायचं नाही, तांब्या दाखवायचा. पण एकादशीला गल्लीतल्या भजनात बसला की अख्खा अभंग शब्दांसकट म्हणायचा! हे कसं काय, मला अजून कळलेलं नाही. टाळ पण वाजवायचा, उजव्या हाताच्या बोटांना दोरी गुंडाळून द्यायला लागायची, ते काम माझं.

तर फोटोखाली काय लिहू, घरातल्या बारक्या पोरांना काय सांगू? तुमच्यात कोण असं होतं काय?

मलप्रभा_काठ
ताई, मी मूळचा खानापूर तालुक्यातला, स्पीच थेरपीचं काम करतो. अभंगाचं सांगतो. बहुतेक माणसांचं बोलणं मेंदूच्या डाव्या बाजूला असतं, पॅरिसच्या ब्रोका नावाच्या डॉक्टरनं १८६१ ते १८६५ च्या दरम्यान पेशंटांवरनं ते दाखवलं, आणि उजवा हात-पाय पण डावीच बाजू चालवते, म्हणून तात्यांचं दोन्ही एकदम गेलं. गाण्याची चाल मात्र उजवी बाजू बरीच सांभाळते आणि ती त्यांची शाबूत असणार. स्वतः वाक्य जुळवून बोलणं वेगळं आणि चालीवर पाठ असलेलं म्हणणं वेगळं. बोस्टनच्या डॉक्टरांनी १९७३ मध्ये ह्यावरनंच उपचार काढला, चाल लावून, डाव्या हातानं ठेका धरून पेशंटला लहान लहान वाक्यं म्हणायला लावायची. तुमच्या भजनात साधारण तेच चाललेलं बघा. त्या वेळी कुणी "पाणी दे" ला चाल लावून शिकवलं असतं तर कदाचित तेही आलं असतं, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं. पण तेव्हा आपल्याकडं हे कुणाला माहीत होतं?

निपाणीची_आक्का
माझा भाऊ होता. आठ वर्षांचा असताना चिंचेवरनं पडला, डोक्याला मार. लिहिणं-वाचणं गेलं, आकडे कळायचे नाहीत, पण रोज आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालून निपाणी स्टँडवर जायचा. कर्नाटकच्या बशींवरच्या पाट्या कन्नडमध्ये आणि आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायकांना ते वाचता येत नाही, त्या ह्याला विचारायच्या, "बाळा, चिकोडी कुठली?" वाचता तर ह्यालाही येत नव्हतं, पण ड्रायव्हर बघून, गाडी कुठल्या बाजूनं आत आली ते बघून बरोबर सांगायचा, पिशवी उचलून गाडीत ठेवून यायचा. पैसे घ्यायचा नाही, चहा चालायचा. गेला तेव्हा दोन्हीकडच्या एसटीचे कंडक्टर मातीला आल्ते. मी फोटोखाली नाव आणि "निपाणी स्टँड" एवढंच लिहिलंय. ओळखणारे ओळखतात.

चिकोडी_आई
बाळ, रागवू नको, पण "सुटला" म्हणणारे सगळेच वाईट मनानं म्हणत नाहीत. माझी मुलगी ३४ वर्षांची आहे, जन्मताच रडली नव्हती, डोक्याला प्राणवायू कमी पडला. ती हसते, भाकऱ्या थापते, अंगणात कोण आलं ते आधी तिला कळतं. तरी रात्री मनात येतं, माझ्यामागं हिचं कोण? मी पण देवाला नको ते बोलून बसलोय कधीकधी. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यानं अशा मोठ्या मुलांना कायदेशीर पालक नेमून घेता येतो, जिल्ह्याची समिती डीसींच्या (जिल्हाधिकाऱ्यांच्या) हाताखाली असते, त्याचे कागद आता करालोय, माझ्यासारख्या कोणी वाचत असाल तर करून ठेवा. आणि तुझ्या तात्याला शेवटपर्यंत घर होतं, हे त्या मार्केटातल्या बाईला सांग.

शहापूरची_लेक
सगळ्यांचे वाचून बाबांना मोठ्यानं वाचून दाखवले. चिकोडीच्या आई, तुमचं ऐकून बाबा गप्पच झाले, मग म्हणाले आज्जी पण हेच बोलायची, "माझ्याआधी जाऊदे". मला हे माहीतच नव्हतं. आज्जी गेली त्यानंतर २२ वर्षं तात्या होता, आईनं त्याला कधी शिळं वाढलं नाही.

फोटोखाली नाव आणि "कांड्या भरणारा" लिहायचं ठरलंय, बाबा म्हणाले पोरं कांडी म्हणजे काय विचारतील तेव्हा मी सांगतो. दिवसभराचे विधी आटोपले की रात्री भजन ठेवतोय. मंडळातल्या काकांना विचारायला गेल्तो तर त्यांनी पेटीतनं तात्याचा टाळ काढून दाखवला, वर्षभर कुणाला वाजवायला दिलेला नाही. दोरीला मी मारलेली जादा गाठ तशीच आहे.